संदेशांची साखळी

वादळ झाले, महापूर आला किंवा धरणीकंप झाला, म्हणजे माणसाच्या हातून सर्वांत आधी निसटते ती बातमी. खांब कोलमडतात, तारा तुटतात, रस्ते वाहून जातात. आणि ज्या गावाला मदतीची सर्वांत अधिक गरज असते, नेमक्या त्याच गावाचा आवाज जगाला ऐकू येईनासा होतो. अशा वेळी कोणी एखादा शिक्षक, एखादा कारागीर, एखादा विद्यार्थी आपल्या घरातील लहानशा बिनतारी यंत्रापुढे बसतो आणि त्या गावाची हाक दूरवर पोहोचवतो. तो कोणाचा नोकर नसतो. या कामाचा त्याला मोबदला मिळत नाही. केवळ आवड म्हणून तो ही विद्या शिकलेला असतो. अशा माणसांना हौशी रेडिओचालक किंवा ‘हॅम’ असे म्हणतात. आज ते जगातील बहुतेक सर्व देशांत आहेत. एकमेकांपासून दूर बसलेल्या या हौशी मंडळींना एका सूत्रात ओवण्याचे कार्य ज्याने केले, त्या हायरम पर्सी मॅक्सिम यांची ही कथा आहे.

हायरमचा जन्म २ सप्टेंबर १८६९ रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकलिन येथे झाला. त्याच्या घराण्यात यंत्रविद्या जणू पाण्यासारखी वाहत होती. त्याचे वडील हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम हे मोठे संशोधक होते. एकामागून एक गोळ्या आपोआप झाडणारी मॅक्सिम तोफ ही त्यांचीच निर्मिती. चुलते हडसन मॅक्सिम हे स्फोटक द्रव्यांचे शोधक म्हणून प्रसिद्धीस आले. तथापि या मोठेपणाचा लाभ हायरमला फार काळ झाला नाही. तो लहान असतानाच वडील युरोपात गेले आणि पुढे इंग्लंडमध्येच स्थायिक झाले. मुलांचे संगोपन आईने केले. वडिलांचे छत्र दुरावले, परंतु त्यांची जिज्ञासा मात्र मुलात पुरेपूर उतरली होती. बोस्टन शहरातील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या विख्यात संस्थेतून यंत्रविद्येचा अभ्यासक्रम पुरा करून तो १८८६ मध्ये बाहेर पडला, तेव्हा त्याचे वय अवघे सोळा वर्षांचे होते.

पुढे लिन नावाच्या गावी तोफगोळ्यांच्या एका कारखान्यात तो काम पाहू लागला. एके रात्री शेजारच्या गावाहून सायकलने परत येत असता त्याच्या मनात विचार आला, की पायांनी हे चाक फिरवण्याऐवजी एखाद्या लहानशा यंत्राने ते फिरवता आले तर! त्या काळी रस्त्यावर घोडागाड्याच धावत असत. स्वयंचलित गाडी अशी वस्तू त्याने पाहिली नव्हती. पेट्रोल कसे जळते, त्याला हवा किती लागते, याचे उत्तर त्याने स्वतःच प्रयोग करून शोधले. हे प्रयोग धोक्याचे होते. पेट्रोलच्या एका थेंबात केवढे बळ दडले आहे हे पाहून तो स्वतःही दचकला. काही वर्षांच्या खटाटोपानंतर त्याचे यंत्र एका तीनचाकी गाडीवर बसले. या कामामुळेच १८९५ मध्ये हार्टफोर्ड शहरातील एका नामांकित सायकल कारखान्याने मोटारगाड्या तयार करण्यासाठी त्याला बोलावून घेतले. कनेक्टिकट राज्यातील हे हार्टफोर्ड शहर पुढे त्याची कर्मभूमी झाले.

मॅक्सिम यांना गोंगाटाचा फार तिटकारा होता. बंदुकीच्या नळीतून सुटणारे वायू एकदम बाहेर न पडता गरगर फिरत सावकाश बाहेर पडले, तर मोठा आवाज होणार नाही, हे त्यांनी ताडले आणि बंदुकीचा आवाज मंद करणारे उपकरण बनवून १९०९ मध्ये त्याचे एकस्व मिळवले. याच तत्त्वावर त्यांनी पुढे यंत्रांचा आवाज कमी करणारी निरनिराळी साधने तयार केली. वडिलांनी जगाला कर्कश आवाजाचे यंत्र दिले आणि मुलाने तो आवाज शांत करण्याचा मार्ग शोधला, हा योग मोठा विलक्षण म्हणावा लागेल. परंतु मॅक्सिम यांची खरी कीर्ती याहून निराळ्याच कार्यामुळे झाली. आणि त्या कार्याकडे त्यांना नेले ते त्यांच्या शाळकरी मुलाने.

त्या सुमारास बिनतारी संदेशविद्येला सुरुवात होऊन फार वर्षे लोटली नव्हती. मार्कोनी यांनी १९०१ मध्ये अटलांटिक महासागरापलीकडून आलेला संकेत ग्रहण केला होता, आणि त्या वार्तेने अमेरिकेतील हजारो मुलांना वेड लावले होते. बाजारात तयार यंत्रे क्वचितच मिळत. तेव्हा मुले तांब्याची तार गुंडाळून वेटोळी करीत, काचेच्या तावदानांना धातूचा पातळ पत्रा चिकटवून विद्युत् साठवण्याचे साधन बनवीत आणि खनिजाच्या एका खड्यावर बारीक तारेचे टोक टेकवून कानाला लावलेल्या यंत्रातून दूरचे संकेत ऐकत. संदेश पाठवायचा तो विजेच्या ठिणग्या पाडून आणि टिंब व रेघ यांच्या मोर्स लिपीत. मॅक्सिम यांचा मुलगा हॅमिल्टन यालाही हा नाद लागला. मुलाला मदत करावी म्हणून वडील त्याच्या शेजारी जाऊन बसले आणि थोड्याच दिवसांत स्वतःच त्या यंत्रात रमून गेले. मोठे कारखानदार असूनही मुलांप्रमाणे त्यांनी प्रथम नुसते ऐकण्याचा सराव केला, मग लिपी पाठ केली, मग परवाना घेतला आणि त्यानंतरच संदेश पाठवण्याच्या कळीवर बोट ठेवले. कोणतीही विद्या पायरी पायरीने शिकावी लागते. तेथे वयाचा किंवा पैशाचा मान चालत नाही.

या हौशी लोकांविषयी तेव्हा सर्वांचे मत चांगले होतेच असे नाही. त्यांच्या संकेतांची जहाजांच्या व आरमाराच्या संदेशांत भेसळ होते, अशी तक्रार होती. म्हणून १९१२ मध्ये अमेरिकेत कायदा होऊन हौशी लोकांना परवाना सक्तीचा झाला आणि २०० मीटर किंवा त्याहून आखूड लांबीच्या लहरींवरच संदेश पाठवण्याची मुभा राहिली. या आखूड लहरी दूर जाऊ शकत नाहीत, त्या काही कामाच्या नाहीत, असे त्या वेळचे जाणते लोक समजत. ज्या जमिनीत काही पिकत नाही ती गरिबाला तोडून द्यावी, तसा हा प्रकार होता.

तरीही या लहानशा यंत्रांची उपयुक्तता दिसून येऊ लागली होती. मार्च १९१३ मध्ये ओहायो आणि आसपासच्या राज्यांत भयंकर महापूर आला. तारायंत्रांच्या तारा तुटल्या आणि गावेच्या गावे एकमेकांपासून तुटली. तेव्हा तेथील विद्यापीठांतील व घरांतील हौशी केंद्रांनी रात्रंदिवस जागून संदेशांची ने-आण केली. एकेकट्या माणसाच्या हातून एवढे घडते, तर सारे एकत्र आले तर काय होईल?

या प्रश्नाचे उत्तर मॅक्सिम यांना एका अगदी साध्या अडचणीतून मिळाले. एप्रिल १९१४ मधील ही गोष्ट. सुमारे ४० किलोमीटर दूर असलेल्या स्प्रिंगफील्ड शहरातील एका हौशी चालकाकडे रेडिओची एक निर्वात नळी विकाऊ असल्याचे त्यांना कळले. ही नळी त्या काळी दुर्मीळ होती. मॅक्सिम यांनी त्याला गाठण्याचा प्रयत्न केला. त्यांचे यंत्र चांगले बलवान होते, पण काही केल्या त्यांची हाक स्प्रिंगफील्डपर्यंत पोहोचेना. इतक्यात त्यांना आठवण झाली, की वाटेत विंडसर लॉक्स या गावी आणखी एक हौशी चालक आहे. मॅक्सिम यांनी आपला संदेश त्याला दिला. त्याने तो पुढे स्प्रिंगफील्डला पाठवला, आणि उत्तरही त्याच मार्गाने परत आले.

एखाद्याला यात विशेष असे काहीच वाटले नसते. पण गावात आग लागली असता विहिरीपासून घरापर्यंत माणसांची रांग लागते आणि पाण्याची घागर हातोहात पुढे जाते, तसाच हा प्रकार होता. एका माणसाचा हात घरापर्यंत पोहोचत नाही, पण रांग पोहोचते. एका मधल्या माणसामुळे ४० किलोमीटर अंतर ओलांडता येत असेल, तर अशा अनेक माणसांची साखळी उभारून सारा देश का ओलांडता येऊ नये? मॅक्सिम यांनी हा विचार हार्टफोर्डमधील रेडिओ मंडळाच्या सभेत मांडला आणि मंडळाने तो उचलून धरला. क्लॅरेन्स टुस्का नावाचा विशीही न गाठलेला एक उत्साही तरुण त्यांचा सहकारी झाला. दोघांनी मिळून गावोगावच्या हौशी चालकांना पत्रे लिहिली आणि त्यांच्या केंद्रांची यादी व नकाशा तयार केला. वर्ष संपण्यापूर्वीच दोनशेहून अधिक केंद्रे या साखळीत सामील झाली. अमेरिकन रेडिओ रिले लीग या संस्थेची अशी स्थापना झाली. ‘रिले’ म्हणजे एकाने आणलेले दुसऱ्याने पुढे नेणे. डिसेंबर १९१५ पासून ‘क्यूएसटी’ नावाचे तिचे मासिकही निघू लागले.

साखळी म्हटली म्हणजे तिची प्रत्येक कडी भक्कम असावी लागते. पाच जणांच्या हातून जाणारा संदेश प्रत्येकाने जरासा बदलला, तर अखेरीस त्याचा अर्थच उरत नाही. म्हणून संदेशात एकंदर शब्द किती आहेत हा आकडा आरंभीच कळवण्याची पद्धत या मंडळींनी पाळली. संदेश घेणाऱ्याने शब्द मोजावेत, आकडा जुळला नाही तर पुन्हा विचारावे, आणि अक्षराचाही फेर न करता तो पुढे द्यावा. आधी ऐकावे, मग बोलावे, थोडक्यात बोलावे, आणि कोणी संकटात असेल तर आपले बोलणे थांबवून त्याला वाट करून द्यावी, हे त्यांचे नियम झाले.

फेब्रुवारी १९१७ मध्ये या साखळीची मोठी कसोटी लागली. न्यूयॉर्कहून निघालेला संदेश क्लीव्हलँड, जेफरसन सिटी आणि डेन्व्हर येथील हौशी केंद्रांच्या हातून पुढे जात पश्चिम किनाऱ्यावरील लॉस एंजलिसला पोहोचला आणि त्याचे उत्तर एक तास वीस मिनिटांत न्यूयॉर्कला परत आले. अमेरिका खंडाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ही घागर हातोहात गेली आणि परत आली.

परंतु आनंदाचे हे दिवस फार टिकले नाहीत. एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि सर्व हौशी केंद्रे बंद करण्याचा हुकूम सुटला. मुलांनी आपल्या हातांनी उभारलेले खांब आपल्याच हातांनी उतरवले. अनेक हौशी तरुण सैन्यात व आरमारात बिनतारी चालक म्हणून दाखल झाले आणि छंद म्हणून शिकलेली विद्या देशाच्या उपयोगी पडली. युद्ध संपले, पण बंदी उठेना. उलट बिनतारी संदेशांची सारी सत्ता आरमाराच्या हाती द्यावी, असे विधेयक १९१८ च्या अखेरीस पुढे आले. ते संमत झाले असते, तर हौशी रेडिओचा कायमचा अंत झाला असता.

मॅक्सिम राजधानीत गेले आणि लोकप्रतिनिधींच्या समितीपुढे उभे राहिले. ज्या हौशी तरुणांनी युद्धात आपली सेवा दिली, त्यांचीच विद्या शांततेच्या काळात हिरावून घेणे न्यायाचे नव्हे, आणि ज्या देशात घरोघर अशी मुले शिकत असतील त्या देशाला संकटकाळी चालकांची उणीव पडणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. संस्थेच्या सभासदांनी व त्यांच्या आईबापांनीही प्रतिनिधींकडे पत्रांचा वर्षाव केला. ते विधेयक अखेर मागे पडले. त्या वेळी संस्थेच्या खजिन्यात जेमतेम ३३ डॉलर शिल्लक होते. मॅक्सिम व त्यांचे सहकारी खचले नाहीत. त्यांनी सभासदांकडूनच कर्जरोखे काढून पैसा उभा केला आणि मासिक पुन्हा सुरू केले. १९१९ च्या शरद ऋतूत बंदी उठली आणि अडीच वर्षे मुकी झालेली यंत्रे पुन्हा बोलू लागली.

आता त्या नापीक मानलेल्या जमिनीतून सोने निघण्याची वेळ आली होती. डिसेंबर १९२१ मध्ये संस्थेने एक कुशल चालक स्कॉटलंडला पाठवला. समुद्रकाठी तंबू ठोकून, थंडीवाऱ्यात बसून त्याने अमेरिकेतील हौशी केंद्रांचे संकेत ऐकले. पुढे नोव्हेंबर १९२३ मध्ये सुमारे १०० मीटर लांबीच्या लहरींवर अमेरिका व फ्रान्स येथील हौशी चालकांनी अटलांटिक महासागर ओलांडून परस्परांशी संभाषण केले. आकाशात फार उंचावर विद्युत्भारित हवेचा एक थर आहे. आखूड लहरी त्याच्यावरून परावर्तित होऊन हजारो किलोमीटर दूर जमिनीवर उतरतात. ज्या लहरी टाकाऊ म्हणून हौशी लोकांच्या पदरात टाकल्या होत्या, त्यांनीच पृथ्वीला वळसा घातला.

त्याच वर्षी उत्तर ध्रुवाकडील प्रदेशाचे संशोधक मॅकमिलन हे मॅक्सिम यांच्याकडे आले. बर्फात गोठून पडलेल्या जहाजावर महिनोन्‌महिने घरची वार्ता कळत नाही. त्या एकाकीपणावर काही उपाय हवा होता. मॅक्सिम यांच्या संस्थेने डॉन मिक्स नावाचा एक हौशी तरुण त्यांच्याबरोबर दिला, आणि ‘बोडॉइन’ जहाजावरून त्याने पाठवलेले संकेत बर्फाच्या मुलुखातून माणसांच्या वस्तीत पोहोचले. १९२५ मध्ये पॅरिस येथे वीसहून अधिक देशांच्या हौशी चालकांची परिषद भरली. तीत आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघ स्थापन झाला आणि त्याचे पहिले अध्यक्षपद मॅक्सिम यांच्याकडे आले.

एवढा मोठा अधिकार हाती असूनही त्यांच्या स्वभावातील खेळकरपणा कधी लोपला नाही. संस्थेच्या मासिकात ‘म्हातारबाबा’ अशा अर्थाचे टोपणनाव घेऊन कोणी एक लेखक अधूनमधून लिहीत असे. निष्काळजीपणे कळ बडवणाऱ्या, दुसऱ्याचे न ऐकता आपलेच घोडे दामटणाऱ्या चालकांची तो अशी काही रेवडी उडवी, की वाचणारे पोट धरून हसत आणि मनातल्या मनात ओशाळतही. अपराध्याला शासन करण्यासाठी म्हणून त्याने एकदा एक विचित्र लाकडी हत्यारही मासिकाकडे पाठवून दिले होते! हा म्हातारबाबा कोण, याविषयी वाचक वर्षानुवर्षे तर्क करीत राहिले. ते स्वतः संस्थेचे अध्यक्षच होते, हे गुपित त्यांच्या मृत्यूनंतरच सर्वांना समजले.

संकटाच्या वेळी धावाधाव करण्यापेक्षा आधीपासून सिद्ध असावे, या हेतूने संस्थेने १९३५ मध्ये आपत्तीकाळासाठी हौशी चालकांचे स्वतंत्र दल उभारले. कोण कोठे राहतो, कोणाजवळ घरची वीज गेली तरी बॅटरीवर चालणारे यंत्र आहे, कोणी कोणाशी कोणत्या लहरीवर बोलायचे, हे सारे शांततेच्या दिवसांतच ठरवून ठेवणे हे त्याचे काम. १७ फेब्रुवारी १९३६ रोजी पश्चिमेकडे प्रवास करीत असता कोलोरॅडो राज्यातील ला हुंटा येथे मॅक्सिम यांचे देहावसान झाले.

त्यांच्या मृत्यूला जेमतेम महिना होतो न होतो तोच कनेक्टिकट नदीला न भूतो असा पूर आला. मॅक्सिम यांचे हार्टफोर्ड पाण्याने वेढले गेले आणि तेथील संस्थेचे स्वतःचे प्रक्षेपण केंद्रही पुरात नष्ट झाले. मुख्य केंद्र गेले. पण साखळी तुटली नाही. पूरग्रस्त भागांतील हौशी चालक आपापल्या यंत्रांपाशी बसून राहिले आणि मदतीच्या हाका हातोहात पुढे जात राहिल्या. जी संस्था एका माणसावर किंवा एका इमारतीवर अवलंबून राहत नाही, तीच संकटात टिकते. मॅक्सिम यांनी बावीस वर्षांपूर्वी जे पेरले होते, ते त्या पाण्यातही उभे राहिले. पुढे न्यूइंग्टन येथे नवे केंद्र बांधण्यात आले. २ सप्टेंबर १९३८ रोजी, मॅक्सिम यांच्या जन्मदिनी, ते त्यांच्या स्मृतीस अर्पण करण्यात आले. आणि त्यांचे स्वतःचे संकेतनाम त्याला देण्यात आले. आजही ते केंद्र त्याच नावाने हाक देत असते.

आपल्या देशातील हौशी चालकांची संस्थाही त्या आंतरराष्ट्रीय संघाची सभासद आहे. २००१ मध्ये कच्छमध्ये भूकंप झाला आणि २००४ मध्ये अंदमान बेटांवर समुद्राच्या प्रचंड लाटा कोसळल्या, तेव्हा भारतीय हौशी चालकांनी आपली यंत्रे घेऊन तेथे संदेशवहनाचे काम केले. वयाची बारा वर्षे पूर्ण झालेला कोणीही भारतीय मुलगा किंवा मुलगी अभ्यास करून, शासनाची परीक्षा उत्तीर्ण होऊन हा परवाना मिळवू शकते. त्यासाठी मोठी संपत्ती लागत नाही. लक्षपूर्वक ऐकण्याची सवय, काटेकोरपणा आणि दुसऱ्याचा शब्द न बदलता पुढे नेण्याचा प्रामाणिकपणा एवढे मात्र हवे. हे गुण ज्याच्या अंगी आहेत, तो मॅक्सिम यांच्या साखळीची पुढची कडी होऊ शकतो.